हलक्या पायाचा ड्रायव्हर

रामाकोन्याजवळच्या उतारावर माझ्या मोठ्या भावाच्या ट्रकने एक बैल मारला, तेव्हा मी सौसरच्या शाळेत आठवीच्या वर्गाला द्रवाचा दाब शिकवत होतो. हा योगायोग मी सजवून सांगत नाही. त्या आठवड्यात तोच धडा होता. फळ्यावर दोन नळ्या काढलेल्या होत्या, एक बारीक आणि एक जाड, आणि बारीक नळीवर थोडा जोर लावला की जाड नळीवर हत्तीसुद्धा उचलता येतो, असे मी दरवर्षीसारखे सांगून चुकलो होतो. तेवढ्यात फोन आला. अनोळखी आवाज होता. तुमच्या भावाले मारून राहिले, लवकर या, एवढे बोलून त्याने ठेवून दिला.

अर्ध्या तासात मी तिथे पोचलो. होळीच्या आधीचे दिवस होते, मृगबहाराची संत्री निघत होती. रस्ताभर संत्री पसरली होती आणि लोक त्यांच्यावरून चालत होते. ट्रकचे तोंड नालीत गेले होते. बैलबंडीचे जू मधोमध मोडले होते. जोडीतला एक बैल सोडून बाजूला बाभळीला बांधला होता आणि दुसरा रस्त्यात आडवा पडून अजून श्वास घेत होता. त्याचे एक शिंग मुळापासून उखडले होते. मागचे पाय हलत नव्हते, पुढचे तो पुन्हा पुन्हा रोवायचा, अंग अर्धे उचलायचा आणि पडायचा. त्याचा मालक, साठीचा कास्तकार, बैलाच्या डोळ्यावर हात धरून बसला होता, त्याला स्वतःचे निकामी पाय दिसू नयेत म्हणून.

भाऊ ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून बसला होता. अंगात सदरा नव्हता. समोरचे दोन दात गेले होते आणि एकाने त्याचे केस मुठीत धरून मान वर केली होती, कशासाठी ते त्यालाही सांगता आले नसते. मी मास्तर असल्याने त्याने केस सोडले. आमच्या भागात मास्तराला एवढा मान अजून आहे.

झाले काय होते ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. भाऊ बागांमधून सुटी संत्री भरून नागपूरला नेत असे. पेट्या नाहीत, खोकी नाहीत. खाली तणस टाकायची आणि वर संत्री ओतायची. अशा गाडीचा ड्रायव्हर आणि गिट्टीच्या गाडीचा ड्रायव्हर हे दोन वेगळे प्राणी आहेत. संत्र्यावाल्याने एकदम ब्रेक मारला की खालच्या थराचा रस ट्रकच्या फटींतून रस्त्यावर गळतो आणि व्यापारी तो मोजून दाखवतो. त्यामुळे माझ्या भावाचा पाय हलका झाला होता. वळण अजून लांब आहे तेव्हाच तो ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तसाच धरून ठेवायचा. लोक म्हणायचे, याच्या गाडीत बसलं की झोप लागते. ही आधी तारीफ होती. पुढे ती साक्ष झाली.

त्या दिवशी उताराखाली बंडी रस्ता ओलांडताना दिसली. त्याने नेहमीसारखा पाय ठेवला. पाय हळूहळू खाली गेला आणि फळीला टेकला. त्याने सांगितले ते एवढेच. पाय काढून दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्याने गाडी नालीत घातली आणि तरी बैल सापडला.

लोक जमले. भावाने ब्रेक गेल्याचे सांगितले. तेव्हा तो कास्तकार उठला, रक्ताच्या हातांनी कॅबिनमध्ये चढला आणि ब्रेकच्या पेडलवर अंगातली सगळी ताकद लावून लाथ मारली. पेडल दगडासारखे होते. त्याने पुन्हा मारली. पुन्हा दगड. खाली उतरून तो म्हणाला, "ब्रेक तं लोखंडासारखा हाय," आणि बैल हाकायच्या तुतारीने भावाच्या तोंडावर पहिला वार केला. बाकीच्यांनी त्याला साथ दिली.

बैल तासाभराने मेला.

प्रकरण ठाण्यात गेले नाही. दोन्हीकडच्या सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्या होत्या, तेव्हा जाणते लोक बसले. जाणत्यांच्या बैठकीला आमच्याकडे एक गादी, दोन लोड आणि एक असा माणूस लागतो जो प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. तो होता. दोन तासांनी त्यांनी निकाल काढला तो तसा दयाळू होता. कास्तकाराला भरपाई नको होती. त्याला एवढेच हवे होते की माझ्या भावाने त्याच्या दारात येऊन, चार लोकांसमोर, मला झोप लागली होती असे म्हणावे. मग विषय संपला. बैल काही परत येत नाही, पण खोटं बोलणारा माणूस माझ्या बागेसमोरून गाडी नेणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

भाऊ म्हणाला, "ब्रेक गेला होता."

घसा साफ करणाऱ्याने विचारले, "मंग आता कसा लागते?"

"ते मले मालूम नाही."

"तं खराबी शोधून दाखव. नाहीतर दारात ये."

भाऊ उठून निघाला. त्या दिवसापासून खराबी सापडेपर्यंत ट्रकच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसणार नाही असे त्याने ठरवले, आणि तो बसला नाही. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने सौसरला आणली.

सौसरचा मिस्त्री आमच्या भागात नावाजलेला. त्याच्या टीनाच्या शेडवर स्वतःच्या नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत 'स्पेशालिस्ट' लिहिले आहे, कशातला ते लिहिलेले नाही. सव्वा क्विंटलचा माणूस. लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटतो, तेव्हा आजूबाजूचे लोक आपोआप चपला काढतील की काय असे वाटते. त्याने चारही बाजूंची चाके उतरवली, ड्रम घणाने ठोकून सोडवले, लायनर पाहिले, नळ्या पाहिल्या, तेलातली हवा काढली. एक ड्रम निघेना तेव्हा त्याने त्याला असे काही ठोकले, आणि त्याच्या आईबहिणींबद्दल असे काही बोलला, की समोरच्या चहाच्या टपरीवरचे शिक्षक कुठेतरी दुसरीकडे पाहू लागले. तेलाचा एक थेंब कुठे गळत नव्हता. शेवटी तो कॅबिनमध्ये चढला आणि सव्वा क्विंटल पेडलवर उभे केले. पेडल हलले नाही.

"एकदम ओके," तो वरूनच म्हणाला.

भाऊ खाली उभा होता. तो म्हणाला, हळूहळू गेला होता.

मिस्त्री हसला. "दादा, ब्रेक जाते तं एकदम जाते. हळूहळू तं माणूस जाते."

मी त्याला माझ्या दोन नळ्यांची गोष्ट सांगून पाहिली. बंद नळीत दाब सगळीकडे सारखा पसरतो, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, तुमच्या पुस्तकातली गाडी कधी जुनी होते का?" तो धडा मी आजही तसाच शिकवतो.

उन्हाळाभर हेच चालले. लोधीखेड्याहून एक मिस्त्री आला, बोरगावला कंपन्यांच्या गाड्या सांभाळणारा एक आला. तिघांचीही परीक्षा एकच. कॅबिनमध्ये चढायचे आणि लाथ मारायची. टायर तपासायचा तर आम्ही त्यावर लोखंडी सळई हाणतो, खाट घ्यायची तर तिच्यावर उडी मारून पाहतो, जावई पाहायला गेलो तर पाठीवर थाप मारतो. ज्याने मार सोसला ते चांगले. ट्रकने सगळा मार सोसला आणि निर्दोष सुटला. मग राहिला माझा भाऊ.

मला त्याचा भरवसा होता असे मी लिहिले तर ते खोटे होईल. तीन तज्ज्ञ आणि एक भौतिकशास्त्र एका बाजूला होते. जूनमध्ये एका दुपारी आम्ही ओसरीवर बसलो असताना मी त्याला शक्य तितक्या मऊ शब्दांत म्हणालो, की दादा, रातभर भरती केली होतीस, दोन मिनिटं डोळा लागला असन तं त्यात लाज कायची. त्याच्या हातात चाकाचा पाना होता. तो त्याने फेकला. पाना माझ्या कानाजवळून गेला आणि मागचा माठ फुटला. पाणी माझ्या पायाखालून अंगणात वाहून गेले. मग तो म्हणाला, "तू बी तेच म्हण."

त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. जुलैत त्याने ट्रक पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत आणवून ठेवला. गल्ली नदीकडे उतरते. हँडब्रेक ढिला होता, म्हणून चाकाला गोटे लावलेले असत.

पोळ्याच्या संध्याकाळी जेवायला बसलो असताना रामाकोन्याकडचे एक सोयरे आले. त्यांनी सांगितले की त्या कास्तकाराने नवा बैल घेतलाच नाही. पोळ्यात सगळ्यांच्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या आणि हा एकट्या बैलाला रंगवून, झूल घालून घेऊन आला आणि शेजारची एका बैलाची जागा मोकळी सोडून उभा राहिला. कोणी म्हटले जवळ सरका, तर सरकला नाही. सोयऱ्यांनी हे पुरणपोळी खाता खाता सांगितले. भाऊ ताटावरून उठला. बाहेर जाऊन तो ट्रकखाली वाकून बराच वेळ पाहत राहिला.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमची गोटमार. बाहेरच्यांसाठी सांगतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि दिवसभर दोन्ही काठ एकमेकांना दगड मारतात. झाड ज्याने तोडून आणले तो जिंकला. डोकी फुटतात, डोळे जातात, माणसेही गेली आहेत. याच्यामागे एक प्रेमकथा आहे असे सांगतात. आमच्याकडे प्रेमाची कथासुद्धा दगडाशिवाय सांगता येत नाही. दरवर्षी आधी शांततेसाठी बैठक होते. एका वर्षी मीही तिच्यात होतो. चहा चांगला होता. नदीकाठी मांडव पडतो, तिथे साहेब लोक बसतात आणि भोंग्यावरून दगड न मारण्याची विनंती करतात. त्यांच्या डोक्यावर जाळी असते.

सौसरच्या मिस्त्रीची सासुरवाडी पांढुर्ण्याची, म्हणून तो दरवर्षी आमच्या बाजूने मारायला येतो. त्या सकाळी भावाने त्याला गल्लीत गाठले आणि हँडब्रेक तरी पाहून दे म्हणाला. आमच्या ट्रकचा हँडब्रेक गियरबॉक्सच्या मागे शाफ्टवर बसतो. मिस्त्री ट्रकखाली शिरला, मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट त्याने सोडवून खाली उतरवला, आणि नेमका तेव्हाच नदीकडून पहिला मोठा आरडाओरडा आला. एका घंट्यात येतो म्हणत तो गेला. एवढ्या वजनाचा माणूस इतका जोरात धावताना मी प्रथमच पाहिला.

आता शाफ्ट खाली होता, म्हणजे गाडी गियरमध्ये ठेवूनही उपयोग नव्हता. हँडब्रेक उघडलेला. ट्रकचे तोंड उताराकडे. भाऊ म्हणाला, शाफ्ट मीच लावतो. आधीचे मोठे गोटे कोणीतरी आदल्या दिवशी फोडून नेले होते, म्हणून मिस्त्री खाली शिरण्याआधीच मी गल्लीत फिरून मिळतील तेवढे गोळा केले होते. मुठीएवढे आठ-दहा मिळाले. उजव्या मागच्या चाकाच्या पुढे मी ते नीट रचून, पायाने ठोकून बसवले होते. गोटमारीच्या दिवशी, पांढुर्ण्यात, हाताने फेकता येतील असे गोटे चाकाला लावणारा माणूस या गावात जन्मला असेल यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी याच गल्लीत जन्मलो.

भाऊ ट्रकखाली पाठीवर झोपला. मला म्हणाला, तू वर बस. "ब्रेकवर पाय ठेव. लाथ नको मारू, नुसता ठेव. गाडी बोटभर हलली तं बोल्ट बसत नाही."

सहा महिने ज्या ब्रेकला तो खोटा म्हणत होता, त्याखाली तो झोपला. त्याचा भरवसा गोट्यांवर होता. काही प्रमाणात माझ्यावरही असावा.

मी पाय ठेवून बसलो. नदीकडून आवाज वाढत होते. खालून दोन माणसे एका तिसऱ्याला चादरीत घालून पळत आली, चादरीतून रक्त टपकत होते. मागून एक जण आला, तिशीचा, डोक्याला दुपट्टा बांधलेला, दुपट्ट्याखालून कपाळावर रक्ताची धार, डोळे चकाकणारे. तो माझा विद्यार्थी होता. आठवीत त्याला द्रवाचा दाब मीच शिकवला होता. मला पाहून तो थांबला आणि अदबीने म्हणाला, "सर, चार गोटे नेऊन राहिलो."

शिक्षकाची मान फार वाईट असते. विद्यार्थी अदबीने बोलला की ती आपोआप डोलते. माझी डोलली. त्याने काय मागितले ते माझ्या लक्षात आले तोवर तो चाकाजवळ वाकला होता. आरशात मला त्याचे हात दिसले, भराभर दुपट्ट्यात गोटे भरणारे. मी ओरडलो. त्याला वाटले असेल मी शाबासकी दिली. तो खाली नदीकडे धावत सुटला.

आता ट्रक माझ्या पायावर होता.

मी घाबरलो नाही, कारण पेडल घट्ट होते. मी भावाला सांगितले की गोटे नेले, तू बाहेर ये. तो म्हणाला, एक बोल्ट खाली पडला, तेवढा घेतो. तेव्हा मला वाटले माझा पाय थरथरतो आहे. पाय थरथरत नव्हता. तो खाली जात होता. नदीकाठच्या ओल्या गाळात उभे राहिल्यावर जातो तसा, सावकाश, कुठेही धक्का न देता. मी तितकाच जोर लावून बसलो होतो आणि पेडल माझ्याखालून निघून चालले होते.

तो जे सहा महिने सांगत होता ते मी माझ्या तळव्याने वाचत होतो.

"दादा, ब्रेक खाली जाऊन राहिला."

खाली तो अजून बोल्ट चाचपत होता. मग ट्रक हलला.

पाय तसाच ठेवला तर ब्रेक संपत होता. पुन्हा जोर लावायचा तर आधी पाय उचलायचा, म्हणजे तेवढा वेळ ट्रक मोकळा सोडायचा. हा विचार मी केला की नाही मला आठवत नाही. मी पाय उचलला आणि लाथ मारली. पेडल दगड झाले. ट्रक थांबला. त्याच वेळी खालून एक आवाज आला, माणसाचा वाटत नव्हता तो. रामाकोन्याच्या रस्त्यावर बैल उठायचा प्रयत्न करताना करत होता तसा होता.

बोल्ट शोधायला पसरलेला त्याचा डावा हात मागच्या डाव्या चाकाखाली आला होता. आणि मी, सगळी ताकद लावून, ट्रक बरोबर त्या हातावर धरून ठेवला होता.

"सोड," तो म्हणाला.

"गाडी पुढं येईन."

"येऊ दे. आता सोड, अन् मंग लाथ मार."

मी सोडले. मागचे चाक कशावरून तरी उतरल्याचा हादरा सीटमधून मला कळला. मी लाथ मारली. ट्रक दोन पावले पुढे जाऊन उभा राहिला. मग मी थांबू शकलो नाही. पाय उचलून मारत राहिलो, उचलून मारत राहिलो, आणि समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली, तिने काही न विचारता आत जाऊन आपला पाटा दोन हातांनी उचलून आणला आणि पुढच्या चाकाखाली सरकवला. तो कोणी फेकायला नेणार नव्हता.

भाऊ ट्रकखालून सरपटत निघाला. डावा हात त्याने उजव्याने मनगटाशी धरला होता. दोन बोटे चपटी झाली होती आणि तिसऱ्याचे हाड बाहेर आले होते. त्याचा चेहरा राखेसारखा होता. कॅबिनच्या दाराशी उभा राहून त्याने वर पाहिले आणि पहिले विचारले ते हे:

"खाली गेला ना?"

"गेला," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तिथेच रस्त्यावर बसला.

नदीकाठच्या मांडवातल्या सरकारी डॉक्टरांनी त्याच्या बोटांना पट्टी बांधली. त्याच्या आधी एक फुटलेले डोके, नंतर एक फुटलेले डोके. मी सांगत होतो की हातावरून ट्रकचे चाक गेले, पण रांग मोठी होती आणि लिहिणाऱ्याने 'दगड लागून' लिहून टाकले. त्यामुळे सरकारी कागदावर माझा भाऊ परंपरेसाठी जखमी झालेला आहे. पुढे नागपूरला दोन बोटे काढावी लागली.

मिस्त्री संध्याकाळी परत आला, खांद्याला मार लागलेला, खूश. मी त्याला कॅबिनमध्ये बसवले आणि हळू दाब म्हणालो. त्याने लाथ मारली. सवय. मी पुन्हा म्हणालो, हळू, आणि धरून ठेव. तो धरून बसला. त्याचे तोंड हळूहळू उघडले. खाली उतरून तो बराच वेळ स्वतःच्या पायाकडे पाहत होता.

मग त्याने समजावून सांगितले, या वेळी कानाला काही न लावता. पेडलमागे मास्टर सिलेंडर असतो, त्यात एक रबराची टोपी तेलाला पुढे ढकलते. टोपीची कड झिजलेली. एकदम जोर बसला की कड फुलून घट्ट बसते आणि तेल अडते. हलका पाय धरून ठेवला की तेल त्या कडेवरून गुपचूप मागे सरकते. बाहेर थेंब पडत नाही, कारण ते आतच राहते. तो म्हणाला, उद्याच बदलवतो.

भाऊ म्हणाला, "नाही. आधी रामाकोन्याले जाऊ."

आठवड्याने आम्ही गेलो. शाफ्ट आणि हँडब्रेक जोडले होते, रबर तेच होते. गाडी मिस्त्रीने चालवावी अशी भावाची अट होती. पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत सव्वा क्विंटलचा तो माणूस दर वळणाला लाथा मारत, घाम पुसत, देवांची नावे घेत आला. उताराजवळ त्याने गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि एका बंडीने आम्हाला मागे टाकले. भाऊ खिडकीशी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता. मला वाटते सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला मजा येत होती.

कास्तकार गोठ्यात होता. एकटा बैल, शिंगांना पोळ्याचा रंग अजून होता. आम्हाला पाहून त्याला वाटले असेल भाऊ कबूल करायला आला. त्याने चार शेजाऱ्यांना हाक मारली. भाऊ म्हणाला, "काका, मी बोलाले नाही आलो. तुम्ही गाडीत बसा. ब्रेक दाबा, पण हळू. संत्र्यावर पाय ठेवल्यासारखा."

तो चढला. त्याने पायातली चप्पल काढून खाली ठेवली आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. आम्ही खाली उभे होतो. मला त्याचा चेहरा दिसत होता. आधी त्यावर काही नव्हते. मग तो खाली वाकून आपल्या पायाकडे पाहू लागला. पाय काढला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला. शेजारी कुजबुजायला लागले तेव्हा त्याने हातानेच त्यांना गप्प केले.

उतरून तो भावासमोर उभा राहिला. त्याच्या तोंडातल्या खिंडाराकडे पाहून म्हणाला, "हे मीच पाडले होते."

"हो."

"अन् हात?"

भावाने माझ्याकडे पाहिले. "हे यानं."

कास्तकाराने मला खालून वर पाहिले. माझ्या खिशाला दोन पेन होते. मग तो मिस्त्रीकडे वळला. "बदलव आता याचं रबर. इथंच. मी पाहून राहिलो."

मिस्त्रीने नवे रबर सोबत आणले होते. त्याच अंगणात सिलेंडर उघडला. जुनी टोपी कास्तकाराने मागून घेतली, नखाने तिची कड तपासली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तो माफ करा म्हणाला नाही. भाऊ निघताना गोठ्यापाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला, मोकळ्या खुंट्याकडे तोंड करून. आम्हाला चहा मिळाला. तिथल्या शेजाऱ्यांपैकी दोघे त्या दिवशी मारणाऱ्यांत होते. त्यांनी बशा फार काळजीने आणल्या.

मग भाऊ सीटवर बसला. ब्रेकवर पाय ठेवून त्याने शंभरपर्यंत मोजले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. पेडल तिथेच होते.

मिस्त्रीला त्याने मागे फाळक्याशी बसवले. डाव्या हाताने गियर पडणार नव्हता, म्हणून मला शेजारी घेतले. तो क्लच दाबायचा, दुसरा म्हणायचा, तिसरा म्हणायचा, आणि मी गियर टाकायचा. पहिल्याच उतारावर मी दांडा असा काही हाणला की गियरबॉक्समध्ये कोणीतरी खडे दळल्यासारखे वाटले आणि मागून मिस्त्रीने माझ्या आईला स्मरले.

"हळू, मास्तर," भाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "गियर हाय तो. तुया शाळेतलं पोट्टं नाही."